विहीणबाईंच्या बोटीतून

लेकीच्या लग्नात विहीणबाईंशी माझं जे बोलणं झालं, ते आठवायला बसले तर दोन मिनिटांत संपतं. हॉल छान आहे, हवा छान आहे, मुलं किती छान दिसतायत. मी जरीच्या पातळात, विहीणबाई निळ्या साध्या ड्रेसमध्ये, आणि आमच्या मध्ये फोटोग्राफर. त्यानंतर दोन वर्षं ख्रिसमसला त्यांचं कार्ड यायचं आणि दिवाळीला मी त्यांना चकल्या पाठवायचे. त्यांचे यजमान मुलांची ओळख होण्याच्या आधीच वारले होते. जावई त्यांचा एकुलता एक. नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्याला ओरिएंटल नावाचं छोटं गाव आहे, तिथे त्या एकट्याच राहायच्या. आम्ही त्याच राज्यात, पण तीन तास आत, मॉरिसव्हिलला. म्हटलं तर जवळ, पण उठून जावं असं कारण कधी पडलं नाही.

मग एका एप्रिलमध्ये त्यांचा फोन आला. इकडचं तिकडचं काही नाही, सरळ मुद्दा.

"मी मे महिन्यात बोट घेऊन ओक्राकोकला जाणार आहे. तू येशील का माझ्याबरोबर?"

ओक्राकोक म्हणजे आमच्या राज्याच्या टोकाला, अटलांटिकच्या कडेला असलेलं एक लांबट, चिंचोळं बेट. पूल नाही, जायचं तर पाण्यातूनच. कोणे एके काळी तिथे चाचे लपायचे आणि नंतर जहाजांना खाडीतून वाट दाखवणारे वाटाडे राहायचे. विहीणबाईंचं आजोळ तिथलं. एवढं मला लेकीकडून माहीत होतं.

मी "विचार करून सांगते" म्हणाले आणि फोन ठेवला. लेकीला कळवलं तर तिने मला ते आधी दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाली, "आई, शी डझन्ट आस्क एनीबडी. माझे सासरे गेल्यापासून सासूबाई त्या बोटीला कुणालाच हात लावू देत नाहीत. यू हॅव टू गो."

मी अकोल्याची. आमच्याकडे पाणी म्हणजे नळाला एक दिवसाआड यायचं ते. पोहायला शिकले ती चाळिशीनंतर, इथल्या वायएमसीएत, कमरेला फोमचा पट्टा बांधून. पण आमच्या यजमानांचं पाण्याशी माझ्याहून वाईट. ते पुण्याचे, इंजिनियर, सगळ्याचं गणित मांडणारे. पण एकदा डॉल्फिन बघायला म्हणून बोटीत बसलो तर पहिल्या वळणाला त्यांनी जो कठडा धरला तो किनारा येईपर्यंत सोडला नाही. डॉल्फिनकडे त्यांची पाठच होती.

"तू जा," ते म्हणाले. "मी फेरीने येतो. गाडी घेऊन. जेवणाचं सामान पण आणतो. बेटावर भेटू."

"म्हणजे मी एकटी जाऊ?"

"एकटी कुठे? विहीणबाई आहेत ना!"

झालं. ठरलं. ते दुपारच्या कारफेरीने येणार, आणि आम्ही दोघी पहाटे निघून शिडाच्या बोटीतून.

आदल्या संध्याकाळी यजमानांनी मला ओरिएंटलला सोडलं. विहीणबाई धक्क्यावरच उभ्या होत्या, सत्तरीच्या, उंच, अनवाणी. बोट मला वाटलं होतं त्याहून लहान निघाली. पुढे दोघींना झोपता येईल एवढी जागा, मध्ये शेगडी आणि बेसिन, मागे उघड्यावर बसायच्या दोन फळ्या आणि सुकाणूचा लाकडी दांडा. दांडा हाताने गुळगुळीत झालेला. मी बरोबर नेलेला दशम्यांचा डबा, लिंबाचं लोणचं, शेंगदाण्याची चटणी, असं सगळं त्यांनी एका फळीखालच्या कप्प्यात नीट रचून ठेवलं. कुठलं काय आहे ते विचारून घेतलं. "लाटेवर काही सांडायला नको," एवढंच म्हणाल्या.

इंग्रजीतल्या 'यू'मध्ये अहोजाहो काही कळत नाही. त्या मला काय म्हणत होत्या देव जाणे. माझ्या डोक्यात मात्र त्या 'अहो विहीणबाई'च होत्या. प्रत्येक वाक्य बोलायच्या आधी मी मनातल्या मनात पदर सारखा करत होते.

पहाटे नदीतून बाहेर पडलो तेव्हा वारा आमच्या पाठीशी होता. त्यांनी इंजिन बंद केलं आणि शीड वर चढवलं. मी एवढ्या वर्षांत खूप गोष्टी ऐकल्या होत्या, पण इंजिन बंद झाल्यावर बोट पुढे जाताना जो आवाज येतो तो कधी ऐकला नव्हता. कुणीतरी शेजारच्या खोलीत हळूहळू पाणी ओतत असावं, तसा. नदी रुंद होत गेली, दोन्ही तीर मागे पडले, आणि मग आम्ही पॅम्लिको साउंडमध्ये आलो. हे एक विस्तीर्ण खारं पाणी आहे, किनारा आणि बेटांची रांग यांच्यामध्ये अडकलेलं. मध्यावर गेलं की कुठल्याच बाजूला जमीन दिसत नाही. पण खोली म्हणाल तर आमच्या दुमजली घराएवढीसुद्धा नाही.

"बुडालो तर निदान छपरावर उभं राहता येईल," मी म्हणाले.

त्या पहिल्यांदा हसल्या. मग उठून दांडा माझ्या हातात दिला. "घे. बोटीला उजवीकडे न्यायचं असेल तर हा डावीकडे ढकलायचा."

"उलटं?"

"उलटं. थोड्या वेळाने सुलटं वाटतं."

थोड्या वेळाने नाही, पण जेवणापर्यंत वाटायला लागलं. दशमी आणि लोणचं त्यांनी असं खाल्लं की मला माझ्या वाट्याचं लोणचं लपवावं लागलं. मी समोरच्या होकायंत्रावरचा आकडा धरून बसले होते, डोळ्यांची पापणी न हलवता. त्या म्हणाल्या, "वर पण बघ. आकाश आहे."

आकाश बघितलं म्हणून बरं झालं. मागे नैर्ऋत्येला एक काळा पट्टा उठला होता. विहीणबाईंनी तो माझ्या आधीच पाहिला होता. त्या उठल्या, म्हणाल्या, "हा यायच्या आत शीड लहान करू," आणि शिडाचा दोर हातात घेतला. अजून वेळ आहे असा त्यांचा अंदाज होता. पण वाऱ्याचा पहिला झोत त्या ढगाच्याही पुढे आला. शीड एकदम दाणकन एका बाजूला ताणलं गेलं, बोट कलली आणि दोर त्यांच्या मुठीतून सरसर ओढला जाऊ लागला. त्यांनी सोडला नाही. दोराबरोबर त्यांचा हात, खांदा, सगळ्याच त्या पुढे खेचल्या जात होत्या.

"अगं, सोड! सोड तो दोर!" मी ओरडले. मराठीतून.

त्यांनी सोडला.

पुढचं सगळं भराभर झालं. "दांडा सगळा पलीकडे ढकल! वाऱ्याकडे तोंड कर!" त्या ओरडल्या. मी ढकलला. बोट वळली आणि शीड असं फडफडायला लागलं की कानांत दुसरं काही शिरेना. त्यांनी डाव्या हाताने आणि कोपराने ओढत ते खाली आणलं. "किल्ली फिरव!" मी फिरवली. इंजिन लागलं. पाऊस आडवा आला, चष्म्यावरून, कॉलरमधून, तोंडात. लाटा मोठ्या नव्हत्या, पण आखूड आणि टोचऱ्या. बोटीला श्वास घेऊ देत नव्हत्या. मला भीती वाटली का? वाटली असणार. पण तेव्हा ती बाजूला कुठेतरी उभी होती, रांगेत. आधी दांडा होता.

पाऊस आला तसाच गेला. वाऱ्याचा जोर उतरला. मग मी तिच्या हाताकडे बघितलं. उजव्या तळव्याची कातडी मधोमध सोलून निघाली होती, बोटांच्या पेरांपर्यंत.

इथून पुढे मी तिला 'ती' म्हणते आहे, कारण त्या ओरडण्यानंतर 'अहो' परत येईना. मी तसा प्रयत्नही केला नाही.

आता मी डॉक्टर आहे खरी, पण पॅथॉलॉजिस्ट. सगळी नोकरी मायक्रोस्कोपपुढे गेली. माझे पेशंट म्हणजे काचेवरचा एक गुलाबी-जांभळा ठिपका; तो कधी ओरडत नाही, हलत नाही. जिवंत माणसाच्या हाताला पट्टी बांधून युगं लोटली होती. तिने कमरेने दांडा रेटून धरला आणि हात माझ्यापुढे केला. मी पिण्याच्या पाण्याने जखम धुतली, औषधाच्या डब्यातलं मलम लावलं, जाळीचं कापड गुंडाळलं. गाठ मला दोनदा सोडून परत बांधावी लागली.

"मघाशी काय ओरडलीस?" तिने विचारलं.

"दोर सोड म्हणाले. माझ्या भाषेत."

"कळलं मला," ती म्हणाली. "शब्द नाही कळले. आवाज कळला."

औषधाचा डबा बंद करून कप्प्यात ठेवला. मग मी धीर करून, एप्रिलपासून मनात होतं ते विचारलं. "मलाच का बोलावलंस? तुझ्या गावात सगळे बोटी चालवणारे. कुणीही आलं असतं."

पट्टी बांधलेला हात मांडीवर ठेवून ती पाण्याकडे बघत होती.

"म्हणूनच," ती म्हणाली. "त्यातला प्रत्येक जण माझ्या नवऱ्याबरोबर बोट चालवलेला आहे. मी दोर असा धरला तर म्हणतील, तुझा नवरा असा नाही धरायचा. इथे वळले तर म्हणतील, तो पुढे जाऊन वळायचा. प्रेमानेच म्हणतील. मला ओक्राकोकला एकदा माझ्या पद्धतीने जायचं होतं. त्याच्याशिवाय पहिल्यांदा. बरोबर असं कुणीतरी हवं होतं की ज्याला यातलं काहीसुद्धा माहीत नाही." आणि मग माझ्याकडे वळून, "तुझ्याइतकं काही माहीत नसलेलं दुसरं कुणी मला सुचेना."

मी आयुष्यभर शिकलेपणाचे गोडवे ऐकत आले. माझ्या अडाणीपणासाठी मला कुणी आमंत्रण दिल्याची ही एकच वेळ. मला इतकं हसू आलं, आणि तिलाही, की बोट चांगलीच वाकडी गेली.

बेट जवळ आलं तसं पाणी आणखी उथळ झालं. तिथे एक अरुंद खोल वाट आहे, दोन्ही बाजूंना लाल-हिरव्या खुणांचे खांब लावून आखलेली. खांबांच्या बाहेर गेलात तर वाळूत रुतलात. इथे ती स्वतः दांडा धरणार होती. पण लाटांच्या धक्क्यात एका हाताने तिला तो पेलेना. "तूच धर," ती म्हणाली. "मी सांगते."

आणि नेमकी तेव्हाच मागून फेरी आली. तीन मजली, पांढरी, गाड्यांनी भरलेली. तिला आमच्या पुढे जायचं होतं, आणि वाट तर एवढीशी. विहीणबाई डाव्या हातात रेडिओ धरून फेरीच्या कॅप्टनशी बोलली. मग माझ्या कानाशी म्हणाली, "उजव्या कडेला राहा. खांबाच्या जवळ. आणखी जवळ. आता फक्त समोर बघ. ती मोठी आहे, पण तिचा ड्रायव्हर शहाणा आहे."

मी समोर बघितलं. डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यातून एक भिंत सरकत होती. भिंतीच्या वरच्या कठड्याशी माणसांची रांग, आणि त्या रांगेत एक ओळखीची निळी टोपी. आमचे यजमान! कठडा दोन्ही हातांनी धरलेला. आधी त्यांनी मला ओळखलंच नाही. केशरी लाइफ जॅकेट, विस्कटलेले केस. मग ओळखलं. एक हात सोडला. तोंड उघडलं, काहीतरी ओरडले, ऐकू काही आलं नाही. शेजारच्या माणसाला कोपराने ढोसून माझ्याकडे बोट दाखवायला लागले. मग त्याच्या शेजारच्याला. फेरी पुढे निघून गेली तेव्हा सगळा कठडा आम्हाला हात करत होता. मी हात केला नाही. माझे दोन्ही हात दांड्यावर होते.

धक्क्याला बोट लागली तर ते तिथे हजर.

"अगं, तुला मॉलमध्ये गाडी पार्क करायला तीनदा पुढेमागे करावं लागतं!"

"तिथे विहीणबाई नसतात शेजारी," मी म्हणाले.

त्यांनी व्हिडिओ घेतला होता. त्यात त्यांचा अंगठा आहे आणि मागे वाऱ्याचा आवाज आहे, आणि "दॅट्स माय वाइफ, दॅट्स माय वाइफ" असं चाललंय. मी तो कितीदा बघितला असेल सांगत नाही.

गावात आम्ही एक छोटं घर भाड्याने घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा करत होते तेव्हा विहीणबाई पायरीवर बसून डाव्या हाताने केसांशी झटापट करत होती. तिचे केस लांब, राखाडी, कमरेपर्यंत. ती रोज एकच घट्ट वेणी घालायची. एका हाताने ती कशी जमणार? मी मागच्या पायरीवर बसले आणि कंगवा तिच्या हातातून घेतला. खाऱ्या पाण्याने आणि पावसाने सगळा गुंता झाला होता. टोकांपासून सोडवत वर आले. लेकीची वेणी मी चौथीपर्यंत घातली. मग तिने केस कापले आणि ते काम सुटलं. पण हात विसरत नाहीत. तीन पेड, एकावर एक, ओढून.

"माझ्या आईनंतर कुणी घातली नव्हती," ती म्हणाली. मान न वळवता. मी रबर लावलं आणि चहा आणायला गेले, कारण माझे डोळे भरून आले होते आणि चहा उतू जात होता.

यजमान दोन दिवसांचं बुकिंग करून आले होते. हात बरा होईपर्यंत बोट परत नेता येणार नव्हती, म्हणून त्यांनी मुक्काम वाढवला, मॉरिसव्हिलचा डेंटिस्ट कॅन्सल केला, मित्रांबरोबरचा ब्रिजचा डाव कॅन्सल केला. आणलेल्या पोळ्या संपल्यावर बेटावरच्या एकुलत्या एक किराणा दुकानातून मैदा आणून त्यांनी स्वतः पुऱ्या लाटल्या. त्यांचं लाटणं म्हणजे एक काचेची बाटली होती.

त्या दिवसांत विहीणबाईने आम्हाला तिचं बेट दाखवलं. बुटकं पांढरंशुभ्र दीपगृह, दोनशे वर्षं जुनं. वाऱ्याने एकाच बाजूला वाकलेले ओकचे वृक्ष. आणि घरांच्या अंगणातली थडगी. इथे लोक आपली माणसं दूर नेत नसत, घराशेजारी पुरत. त्यामुळे कुणाच्या वाळत घातलेल्या कपड्यांपलीकडे पणजोबा, कुणाच्या गाडीमागे पणजी. तिच्या आजोळचं घर विकलं गेलं होतं, पण थडग्यांपाशी जायला कुणी अडवत नव्हतं. नवीन मालकीणबाईंनी गवत कापून ठेवलं होतं.

तिची एक म्हातारी मावशी अजून बेटावर होती. तिचे उच्चार इतके वेगळे की आमच्या यजमानांनी मला हळूच विचारलं, "ही इंग्रजीच आहे ना?" मावशीने अंजिराचा केक कापला, आमच्याकडे बघितलं आणि भाचीला विचारलं, "ही कोण तुझी?"

"माझ्या सुनेची आई."

"हे फार लांबलचक झालं," मावशी म्हणाली.

"आमच्याकडे यासाठी एकच शब्द आहे," मी म्हणाले. "विहीण."

मावशीने तो दोनतीनदा तोंडात घोळवून बघितला. मग आम्हा दोघींना केकचा एकेक तुकडा आणखी वाढला.

तिथे अजून एक जागा आहे. कुंपणाने बंद केलेला एक लहानसा चौकोन, चार कबरी. दुसऱ्या महायुद्धात किनाऱ्याजवळ एक ब्रिटिश जहाज बुडालं आणि त्यावरच्या चार खलाशांचे देह बेटाला लागले. गावाने आपल्यातली जागा काढून दिली. आजही तिथे त्यांच्या देशाचा झेंडा असतो, गवत कापलेलं असतं.

यजमान कुंपणापाशी बराच वेळ उभे राहिले. ते अशा ठिकाणी सहसा तारखांचं गणित करतात. त्या दिवशी केलं नाही. आम्ही दोघं या देशात पंचविशीत आलो. बर्फात रुतलेली पहिली गाडी ढकलणारे शेजारी, बाळंतपणात रोज सूप आणून देणारी वरच्या मजल्यावरची बाई, व्हिसाच्या कागदांसाठी सुट्टीच्या दिवशी ऑफिस उघडणारा माझा पहिला बॉस. त्यांतल्या बहुतेकांचे आभार मानायचे राहून गेले. पत्तेही हरवले. तिथे उभी असताना ती एकेक माणसं आठवत गेली, आणि मी त्यांना हात जोडले. देवळात जोडतो तसे, उघड उघड. विहीणबाईने बघितलं आणि टोपी काढून हातात घेतली.

हात सुकला. कातडी गुलाबी, कोवळी आली. निघायच्या दिवशी यजमानांनी गाडीत सामान भरलं आणि मला विचारलं, "फेरीने येतेस? हवा चांगली आहे म्हणा, पण थकली असशील."

"नाही," मी म्हणाले. "बोटीने."

त्यांना हे उत्तर ठाऊक होतं. त्यांनी उरलेल्या पुऱ्यांचा डबा माझ्या हातात दिला, "लाइफ जॅकेट काढू नकोस," म्हणाले आणि फेरीच्या रांगेत गाडी लावायला गेले.

परतीला वारा ईशान्येचा, हलका, अगदी एकसारखा. खांबांची वाट मागे पडली. शीड वर गेलं, या वेळी दोर आम्ही दोघींनी ओढला. बेट आधी एक रेघ झालं, मग तेही नाही. पाण्याचा रंग चहात दूध घालताना पहिल्या क्षणी असतो तसा होता. आम्ही पुरी आणि साखर खाल्ली.

मग विहीणबाईने जांभई दिली. होकायंत्राकडे बघितलं, शिडाकडे बघितलं, चारी बाजूंना एकदा नजर फिरवली.

"मी खाली जाऊन जरा पडते," ती म्हणाली.

"आणि बोट?"

"तुझ्याकडे आहे ना."

"काही दिसलं तर?"

"तर हाक मार. कुठल्याही भाषेत."

ती शिडीवरून खाली उतरली. थोड्याच वेळात तिच्या घोरण्याचा आवाज यायला लागला, अगदी निवांत. मी दांडा हातात धरून बसले होते. कुठेच जमीन नव्हती. मी वर आकाशाकडे बघितलं, मग होकायंत्राकडे, मग पुन्हा वर. काही दिसलं नाही म्हणून मी तिला बराच वेळ उठवलं नाही.